शाळाबाह्य

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, असं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे मी माहिती भरते. हजेरी भरते, संडासाचा फोटो काढून ॲपवर चढवते, झाड लावताना झाडाचा आणि माझा एकत्र फोटो काढते, आणि मोबाईलची रेंज गेली की तेवढ्या वेळात शिकवते. आमच्या गावात रेंज बऱ्याचदा जाते, म्हणून पोरं बरी आहेत.

शाळा शिरपूर जैनहून आत सात किलोमीटरवर. मी राहायला वाशिमला. स्कूटीवर येणं-जाणं. नाव रूपाली, पण गावात मॅडम. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दर जुलैत शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण येतं. शाळेत न जाणारं पोर शोधायचं, त्याचं नाव फॉर्मवर लिहायचं आणि त्याला वाजतगाजत शाळेत आणून बसवायचं. फॉर्मवर कारणाचा रकाना असतो. स्थलांतर, मजुरी, घरकाम, भावंडं सांभाळणे, इतर. वीटभट्टी झाली, तांडा झाला, धरणाजवळची पालं झाली, अशी मी नऊ वर्षं फिरले. यंदा माझ्या यादीत दोन नावं निघाली. एक तांड्यावरच्या रतनसिंगची मंजू, जी आईबापाबरोबर ऊसतोडीला जाते आणि परत येईपर्यंत वर्ष संपलेलं असतं. आणि दुसरी, मनकर्णाबाईंची नात वैभवी. ती कुठंच जात नाही. तिचं घर आणि शाळा यांच्यामध्ये एक भिंत आहे.

त्या भिंतीपलीकडच्या लोकांबद्दल आधी सांगायला पाहिजे.

मनकर्णाबाईंचा विनोद याच गावचा, याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. पुढे पुण्याला संगणकाच्या कंपनीत लागला, तिथलीच निकिता केली, वैभवी झाली. चार वर्षांपूर्वी त्याला तिकडे काहीतरी झालं. निकिताच्या भाषेत बर्नआऊट. मनकर्णाबाईंच्या भाषेत, "पोराले काम जास्त झालं." काम जास्त झालेला माणूस आराम करायला शेती करायला येतोय, हे ऐकून गाव आठ दिवस हसलं.

विनोदचे वडील बबनराव आयुष्यभर मातीच्या घरात राहिले. विंचू झटकले, दर पावसाळ्यात भिंत सावरली आणि साठीला येऊन एकदाचं स्लॅबचं घर बांधलं. सून आली, तिनं स्लॅबकडे पाहिलं आणि म्हणाली की या घराला श्वास घेता येत नाही. मग स्लॅबच्या शेजारी मातीचं घर उभं राहिलं. ते बघून सरपंचानं बबनरावांना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "दादा, पोराचं नाव घरकुलाच्या यादीत टाकू काय?"

घराभोवती निकितानं बाग केली. बागेला ती फूड फॉरेस्ट म्हणते. त्यात तूर, वांगी, झेंडू, पपई, गवती चहा आणि आणखी जे उगवेल ते सगळं एकत्र नांदतं. काहीही उपटायचं नाही, कारण प्रत्येक झाडाला काहीतरी म्हणायचं असतं. बबनराव एकदा शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून मला म्हणाले, "मॅडम, मी चाळीस वर्सं तण उपटलं. हा पेरून राह्यला." त्यांना वाईट वाटत होतं आणि हसूही येत होतं. मला फक्त हसू येत होतं.

निकिता वाईट नाही. मन लावून करते. पहिल्या आठवड्यात सासूनं तिला सांगितलं, भाजीत वरून सांबार टाक. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. या बाईनं तासभर खपून डाळ शिजवली, चिंच कोळली आणि भरल्या वांग्यांवर इडलीचं सांबार ओतलं. मनकर्णाबाईंनी ते निमूटपणे खाल्लं, आणि मग पुढची चार वर्षं ही गोष्ट प्रत्येकाला सांगितली.

पण सासूनंही भोगलं. घरात जातं होतं. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा मनकर्णाबाईंनी ते परसात नेऊन टाकलं होतं आणि त्यावर कपडे धूत होत्या. निकितानं ते घासूनपुसून मातीच्या घरात आणलं. आता दर रविवारी सासूनं नऊवारी नेसून जात्याशी बसायचं, विनोदनं मोबाईल धरायचा आणि निकितानं सांगायचं की पूर्वीच्या बायकांना जिमची गरज नव्हती. दोन मिनिटं दळून झालं की उरलेले गहू गिरणीत जातात. संध्याकाळी सगळ्यांनी अंगणात गोल बसून कशाचे तरी आभार मानायचे, असाही नियम आहे. निकिता सूर्याचे मानते, विनोद मातीचे. मनकर्णाबाईंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "गॅसचे." तो भाग व्हिडिओतून कापला.

या सगळ्यात वैभवी. वय वर्षं नऊ. ती शाळेत जात नाही, कारण शाळा मुलांना मारते. छडीनं नव्हे, आतून. हे निकिताचं म्हणणं. मूल बागेत शिकतं, स्वयंपाकात शिकतं, तयार झालं की आपोआप वाचायला लागतं. वैभवी तयार झाली आहे आणि छान वाचते, असं तिच्या व्हिडिओंमध्ये दिसतं. मुलगी मांडीवर पुस्तक घेऊन कडुनिंबाखाली बसते आणि घडाघडा वाचते. ते व्हिडिओ माझ्या बहिणीनं मला अमरावतीहून पाठवले होते. खाली लिहिलं होतं, बघ, तुझ्याच गावातली आहे ना ही, किती हुशार. मला ते झोंबलं, हे कबूल करते.

तर मी फॉर्म घेऊन गेले. निकितानं अनवाणी येऊन दार उघडलं. ती अनवाणीच चालते, जमिनीशी नातं राहावं म्हणून, आणि तिच्या टाचेत कायम सराट्याचा काटा रुतलेला असतो. मला गवती चहा दिला. मुलीचं नाव विचारलं तर म्हणाली, ते तिलाच विचारा, आमच्याकडे तिचं नाव ती स्वतः निवडते, गेल्या महिन्यात ती इंद्रधनू होती.

"वैभवी," कोपऱ्यातून पोर म्हणाली. "आजी वैभवीच म्हणते."

मी फॉर्म पुढे केला. निकिता इंग्रजीत शिकलेली, मराठी वाचते पण बोट ठेवून. तिचं बोट वरच्या ओळीवर थांबलं.

"शाळाबाह्य," ती म्हणाली. "म्हणजे शाळेच्या पलीकडे? बियाँड स्कूल?"

मी कप तोंडाला लावला.

"वाव. गव्हर्नमेंटनं अशी कॅटेगरी केली? म्हणजे आपल्याकडे ऑफिशियल रेकग्निशन आहे?"

"फॉर्म तर आहे," मी म्हटलं.

"जिल्ह्यात आम्हीच पहिले असू, नाही?"

"या गावात पुण्याहून येऊन झालेले पहिलेच."

इथं मी तिला सांगायला हवं होतं. तोंडात आलंही होतं. पण खरं सांगते, मजा वाटली. नऊ वर्षं वीटभट्टीवर ज्या बायांना मी हा शब्द उच्चारून दाखवते त्या मान खाली घालतात, आणि ही बाई खुशीत सही करत होती. कारणाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाली, लिहा, जाणीवपूर्वक निवड. मी 'इतर' वर खूण केली.

ती फॉर्मचा फोटो काढायला उजेडात गेली, तेवढ्यात वैभवी माझ्याजवळ आली. तिनं मला तिची वही दाखवली. पानोपान चित्रं होती, फुलपाखरं, बेडूक, पपईचं झाड, अगदी सुबक. अक्षर एकही नव्हतं.

"मला वीसपर्यंत पाढे येतात," ती म्हणाली. "भिंतीपाशी बसून ऐकलेत. तुमची पोरं एकोणीसच्या पाढ्यात चुकतात."

"आणि वाचन? तू तर छान वाचतेस."

तिनं दाराकडे पाहिलं आणि आजीची भाषा काढली. "मले वाचता नाई येत, मॅडम. आई रात्री वाचून दाखवते ना, ते मले पाठ होते. पान कवा उलटवाचं ते बी पाठ हाय. आईले नका सांगजा. तिनं समद्याईले सांगून ठेवलं हाय. तिले वाईट वाटन." मग थोडं थांबून म्हणाली, "मले भिंतीच्या तिकडं बसाचं हाय."

मला त्या पोरीची दया आली आणि तिच्या आईचा संताप आला. दोन्ही मिळून मी एक चांगला निर्णय घेतला असं मला वाटलं. मी निकिताला काहीच न सांगता फॉर्म पुढे पाठवून दिला.

आमचे केंद्रप्रमुख लालसिंग सर. दहा-बारा शाळांवर लक्ष ठेवणं त्यांचं काम. माणूस तांड्यातला, लहानपणी स्वतः ऊसतोडीला गेलेला, मधली दोन वर्षं शाळा बुडालेला. शाळाबाह्य पोर सापडलं की ते हळवे होतात आणि भाषण करतात. भाषण दर वर्षी तेच असतं. यंदा दोन पोरी एकदम सापडल्या म्हणून त्यांनी बंडी सजवायला सांगितली. बैलांना झुली घातल्या, आंब्याची डहाळी बांधली, डफडेवाला बोलावला. बॅनरवर लिहून आणलं, 'शाळाबाह्य बालिकांचे सहर्ष स्वागत.'

निकितानं हा सत्कार आहे असंच धरलं. का धरणार नाही? कुणीच तिला वेगळं सांगितलं नव्हतं. तिनं हातमागाची साडी नेसली, वैभवीला परकर-पोलकं घातलं, विनोदला मोबाईल काठीवर लावून दिला आणि थेट प्रक्षेपण सुरू केलं. बंडीत तिच्या बाजूला मंजूची आई रुखमाबाई येऊन बसली. मंजूच्या केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या.

"तुमची पण शाळाबाह्य आहे?" निकितानं कौतुकानं विचारलं.

"हाव ना बाई," रुखमाबाई खालच्या आवाजात म्हणाली.

"तुम्ही कुठली मेथड वापरता?"

रुखमाबाईनं विचार केला. "आमी ऊस तोडाले जातो," ती म्हणाली.

"म्हणजे कामातून शिक्षण. किती छान," निकिता मोबाईलकडे बघत म्हणाली.

मी बंडीच्या मागून चालत होते. पोटात हसू मावत नव्हतं आणि थोडी भीतीही वाटायला लागली होती. पण डफडं वाजत होतं, पोरं नाचत होती, आणि एवढं पुढं आलेलं काही थांबवता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

शाळेच्या पटांगणात सगळं गाव जमलं होतं. लालसिंग सरांनी दोन्ही पोरींना हार घातले, पुस्तकं दिली आणि भाषणाला उभे राहिले. "आज आपल्यात अशा दोन दुर्दैवी बालिका हायेत," ते म्हणाले, "ज्या आईबापाच्या अज्ञानापायी, दारिद्र्यापायी नाईतर दारूपायी शिक्षणापासून वंचित राहिल्या."

निकिता हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होती. मग ते हसू थांबलं.

"एक मिनिट, सर. दुर्दैवी कोण?"

सर गोंधळले. त्यांच्या भाषणात आजवर कुणी प्रश्न विचारला नव्हता. "ह्या दोघी ना, ताई. शाळाबाह्य म्हंजे शाळेत नाई गेलेलं लेकरू."

तिनं बॅनरकडे पाहिलं, बंडीकडे पाहिलं, मग रुखमाबाईकडे. विनोदच्या हातातल्या मोबाईलवर मघापासून बदाम उडत होते, ते एकाएकी आटले. ती रडेल असं मला वाटलं. पण ती तापली.

"माझी मुलगी वंचित नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "तुमच्या शाळेतल्या कुठल्याही मुलापेक्षा चांगली वाचते. वैभवी, हे बॅनर वाचून दाखव सरांना."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी पुढे झाले, पण उशीर झाला होता. वैभवी बॅनरसमोर उभी राहिली. तिच्या गळ्यात झेंडूचा हार होता, तो गुडघ्यापर्यंत लोंबत होता. ती अक्षरांकडे बघत राहिली. आजूबाजूला सत्तर-ऐंशी माणसं आणि विनोदच्या मोबाईलमध्ये आणखी किती कोण जाणे. शेजारी उभ्या मंजूला मागच्या पावसाळ्यात शाळेत गिरवलेली अक्षरं आठवत होती, तिनं ओठ न हलवता सांगितलं, "शा." मग, "ळा."

वैभवीनं ते उचललं नाही.

"मला वाचता येत नाही, आई," ती म्हणाली. "तू वाचतेस ते मला पाठ होतं."

"असं नको बोलूस, पिल्लू. तू रोज वाचतेस."

"मी पाठ म्हणते." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "तू सगळ्यांना सांगितलं होतंस म्हणून मी सांगितलं नाही. मला इथं बसू दे."

पहिल्यांदा विनोदनं मोबाईल खाली घेतला. चार वर्षांत मी या माणसाचा पूर्ण चेहरा बघितलाच नव्हता. तो म्हणाला, "निकिता, मी याच शाळेत वाचायला शिकलो." एवढंच. पण ते त्यानं मोबाईल बंद करून म्हटलं.

निकिता माझ्याकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"शाळाबाह्यचा अर्थ? मी सही करताना?"

"हो."

ती माझ्याजवळ आली. अनवाणी होती, लंगडत होती, डोळे भरले होते. मला वाटलं, आता शिव्या देईल, देऊ दे, आपल्याला सवय आहे. तिनं अगदी साधा प्रश्न विचारला.

"मॅडम, तुम्हाला मुलगा आहे ना? कितवीत आहे?"

"चौथीत."

"कुठल्या शाळेत?"

लालसिंग सर झेंड्याच्या खांबाकडे बघायला लागले. त्यांची दोन्ही मुलं अकोल्याला असतात. मी म्हटलं, "वाशिमला. इंग्लिश मीडियमला."

पुढचं विचारलं ते रुखमाबाईनं, आणि तिच्या मनात काहीच खोट नव्हती, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "म्हंजे मॅडम, तुमाले बी ही शाळा नाई चालत?"

दर जुलैत मी या बाईच्या खोपटासमोर उभी राहून सांगत होते, पोरीला शाळेत पाठव, आपली शाळा चांगली आहे, शिक्षक चांगले आहेत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझे कान तापले. मला राग आला की माझी जीभ माझ्या पुढे पळते.

"सोमवारी आणते त्याला," मी म्हटलं. "याच शाळेत नाव घालते."

टाळ्या पडल्या. डफडेवाल्यानं उगाच दोन ठोके दिले. निकितानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मग वैभवीही येईल. दोघं शेजारी बसतील." वैभवीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मान फिरवली.

घरी आले आणि जेवताना सांगितलं. नवरा तहसीलमध्ये कारकून आहे, त्यानं घास खाली ठेवला. "डोकं फिरलं का?" म्हणाला. त्याच्याशी मी भांडले असते. पण आमचा चौथीतला शिवम हसला. "मम्मी, तिथं खिचडीवाली मुलं असतात ना?"

खिचडीवाली मुलं. हा शब्द त्यानं शाळेत ऐकला नव्हता, शेजारी ऐकला नव्हता. मी रोज संध्याकाळी चपला काढता काढता बोलते, आज खिचडीवाल्यांनी डोकं उठवलं. तो माझ्या तोंडूनच शिकला होता. मी त्याला वरण वाढलं.

सोमवारी मी एकटीच गेले. वैभवी फाटकापाशी आजीचं बोट धरून उभी होती. मनकर्णाबाईंनी स्वतः आणली होती, निकिता मागून येत होती. वैभवीच्या डोळ्यांनी माझ्या स्कूटीच्या मागची सीट आधी पाहिली.

"ताप आहे त्याला," मी म्हटलं.

"अरेरे," निकिता म्हणाली, आणि तिनं विश्वास ठेवला. तेच वाईट झालं. तिनं टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. "बरा झाला की येईल," ती म्हणाली आणि वैभवीला आत सोडून गेली.

त्या पोरीला वाचायला यायला दीड महिना लागला. मी माझ्या नोकरीत असं शिकणारं लेकरू बघितलं नाही. कान तयार होते, फक्त डोळे जोडायचे होते. मंजू तिला काना-मात्रा शिकवायची आणि ती मंजूला एकोणीसचा पाढा. पोळ्याच्या सुमारास तिनं फळ्यावरचं वाचायला सुरुवात केली, मग खिचडीच्या पोत्यावरचं, मग एसटीच्या पाटीवरचं. अनसिंग हे गावाचं नाव आपलं आपण वाचता आलं म्हणून ती इतकी हसली की तिला उचकी लागली.

निकितानं काय केलं ते सांगायलाच पाहिजे, कारण आतापर्यंत मी तिची फार चेष्टा केली. तिनं एक व्हिडिओ टाकला. बाग नाही, जातं नाही, नुसती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, मी तुम्हाला सांगत होते की माझी मुलगी वाचते, ते खरं नव्हतं, मला ते कळलंच नाही, कारण मला तिच्यापेक्षा व्हिडिओ जास्त बघायचा होता. लोकांनी खाली वाटेल ते लिहिलं. तिनं ते खोडलं नाही. माझ्या बहिणीनं तोही व्हिडिओ मला पाठवला, पण या वेळी खाली काहीच लिहिलं नव्हतं. मी तो चार वेळा बघितला. फूड फॉरेस्ट तेवढं अजून तसंच आहे, त्यावर मी अजूनही हसते.

निकितानं मला शिवमबद्दल पुन्हा विचारलं नाही. तिला कळलं असावं. विचारायची ती वैभवी. रोज सकाळी, हजेरी झाली की.

"मॅडम, शिवमचा ताप उतरला का?"

"उतरेल. फळ्याकडे बघ."

दसरा झाला आणि तांडा रिकामा झाला. रतनसिंग आणि रुखमाबाई कारखान्याकडे गेले, मंजूला घेऊन. मागे राहणाऱ्या पोरांसाठी वसतिगृह मागितलं होतं, त्याचा कागद अजून कुठल्यातरी टेबलावर आहे. या वेळी बंडी सजवलेली नव्हती. ट्रकमध्ये भांड्यांवर बसून मंजू गेली. लालसिंग सर आले, तिच्या नावापुढे त्यांनी स्वतः 'स्थलांतर' लिहिलं, आणि भाषण केलं नाही.

त्याच आठवड्यात वैभवीनं मला एक घडी घातलेला कागद दिला. शिवमला द्या म्हणाली. मी तो पर्समध्ये टाकला आणि तिथंच राहू दिला. फाडायचा धीर झाला नाही आणि द्यायचाही नाही. रविवारी दुपारी शिवम माझ्या पर्समध्ये पेन शोधत होता, त्याला तो सापडला. वर त्याचं नाव होतं, तेवढं त्याला वाचता आलं. त्यानं उघडला. पहिल्या ओळीत अडखळला, दुसरीत थांबला. तो इंग्रजी फाडफाड वाचतो. हस्ताक्षरातलं मराठी त्याला जड जातं.

"मम्मी, तू वाच ना," म्हणाला आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

मी गाळून वाचू शकले असते. एखादी ओळ बदलू शकले असते, मला ते चांगलं जमतं. पण अक्षर फार कष्टानं काढलेलं होतं, दाबून, काही ठिकाणी कागदाला भोक पडलेलं. मी जसं होतं तसं वाचलं.

"शिवम दादा, तुझा ताप कधी उतरनार. तू खूप दिवस आजारी आहेस. मला आता वाचता येते. मी तुझी जागा धरून ठेवली आहे, खिडकीजवळ. मंजू ऊस तोडाले गेली म्हनून तिची पन जागा रिकामी आहे, दप्तर तिथं ठेव. औशध घेत जा. मॅडम रोज सांगतात तू बरा होशील. वैभवी."

शिवमनं कागद घेऊन मागची बाजू पाहिली. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"पण मम्मी," तो म्हणाला, "मला ताप कधी आला होता?"